तुझ्या आवाजाखालची फळी

प्रिय वसू,

घर्र-धप्, घर्र-धप्. आठवतो तुला हा आवाज? आगबोटीवरच्या नोकरीतून पहिल्यांदा रजेवर आलास तेव्हा ते चावीचं यंत्र ओटीवर मांडलंस, किल्ली पिळलीस, थाळी फिरू लागली आणि गाण्याच्या आधी हेच ऐकू आलं. आई म्हणाली, "आधी तुझी होडी वाळयेर ओढून घे रे, मगे गाणा लाव." केवढे हसलो होतो आपण.

त्या घरघरीपायीच आज तुला लिहायला बसलो आहे. ती आता गेली आहे, असं मला वाटतं. खात्री नाही. खात्री करून घ्यायची सोयही नाही, आणि हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

तुझ्या आवाजाची तबकडी घरात एकच. मुंबईच्या दुकानात जाऊन हौसेने भरून आणलेली. दुसऱ्या कुणी गाणं भरलं असतं. तू म्हटलीस ती शाळेतली नारळाच्या झाडाची कविता, जी मीच तुझ्याकडून घोकून घेतली होती. आणि नेहमीसारखा मधेच अडलास. "फुडची ओळ सांग रे दादा," म्हणतोस आणि थांबतोस. मी इथे ओटीवर बसून दर वेळी ती ओळ सांगत आलो. मग तू हसतोस आणि पुढे जातोस. सगळ्या इयत्तांच्या कविता मला अजून तोंडपाठ. माणसांची नावं विसरतो, चाली विसरत नाही. आणि तुला एक कविता धड पाठ करता येऊ नये?

पण ती तबकडी मऊ आहे रे. गाण्यांच्या तबकड्यांसारखी टणक नाही. दर वेळी सुई तुझा थोडा आवाज खरवडून नेते. पोलादी सुई मी केव्हाच सोडली, करवंदीचा काटा तासून लावतो. तरी तू झिजतोसच.

उन्हाळ्यात तारा शालूला घेऊन देवगडहून, तिच्या माहेरून आली होती. तू गेलास तेव्हा पाळण्यात होती तुझी लेक, आता चौथीत आहे. मी मोठ्या हौसेने तबकडी लावली. पोरीने कान अगदी जवळ नेला, कपाळाला आठी घातली आणि विचारलं, "काकानू, ह्यो पाण्यात कोण बोलता?"

तारा उठलीच. दुपारच्या गाडीने दोघी गेल्या. पायरीवरून मागे न बघता म्हणाली, "भावजी, ह्या परत आमका आयकवू नकात." तिच्यावर कसा रागावू? देवबागच्या खाडीच्या तोंडाशी तुझी होडी रिकामी सापडली. तू सापडला नाहीस. आणि पोरीच्या तोंडी नेमका तोच शब्द आला.

पण पोरीच्या कानात बाप असा पाण्यातलाच राहू द्यायचा का?

मी यंत्र उघडून बसलो. घरघर तुझ्या आवाजात नव्हतीच, खालच्या पेटीत होती. खोक्याच्या हलक्या लाकडाची ती पेटी. आतली स्प्रिंग फिरली की तिला कापरं भरे, ते थाळीत चढे, थाळीतून तबकडीत. थाळीवरचं बनातीचं कापड झिजून तबकडी घसरत होती ते वेगळंच. लोक म्हणाले, वीज आली बाजारात, दादानू, आता नवा यंत्र घ्या. मला नवं नको होतं. जड, न हलणारी बैठक हवी होती. तसं लाकूड एकाच ठिकाणी होतं. गुरांच्या मांगरामागे पालथ्या घातलेल्या तुझ्या होडीत.

तारा म्हणाली होती, जाळून टाका. मी जाळली नव्हती. तिला कळवलंही नव्हतं. बुडाच्या फळ्या काढल्या आणि पेटी केली.

काय सांगू, गाण्याची तबकडी लावली तर घरघर पार बसली. मी तुझ्या वहिनीला हाका मारमारून बोलावलं. मग पाऊस धरला आणि पेटीला घाम सुटला. पुसावी, पुन्हा ओली. बोट जिभेला लावलं तर खारट. थाळीची दांडी गंजून अडकून बसली. आपण किनाऱ्यावरची माणसं, होडीच्या लाकडाइतका दुसऱ्या कशावर भरवसा ठेवत नाही. ते जन्मभर समुद्र प्यालेलं असतं, हे कसं सुचलं नाही मला?

"खारो बांगडो भिजत घालतत, तशी घाला ती," वहिनी म्हणाली. थट्टाच होती तिची. मी खरंच फळ्या सुट्या करून विहिरीच्या पाण्यात दगडाखाली दाबल्या. पाणी बदलत राहिलो. शेजारचा बाबी कुंपणाच्या वईवरून विचारी, "दादानू, फळयेची कढी कधी उकळतली?"

"तुका वाटी धाडतंय," मी म्हणे.

मग चुलीवरच्या माळ्यावर, धुरात सुकवल्या आणि पेटी पुन्हा जोडली. दांडी घासून तेल दिलं. थाळीवर घालायला कांबळ्याचा गोल कापला. तेच कांबळं, ज्याच्याखाली तुला पावसात शाळेत न्यायचो. आत बसून माझ्या पाठीवर कविता म्हणायचास, चुकत चुकत.

आता गाणी स्वच्छ वाजतात. पेटी कोरडी आहे. तुझी तबकडी मात्र लावून पाहिलेली नाही. कशी पाहू? तपासायला एकदा वाजवली तर तेवढा तू कमी होणार. आणि न तपासता शालूपुढे लावली, आणि पुन्हा पाणीच ऐकू आलं तर? रोज सकाळी काटा तासतो आणि परत डबीत ठेवतो.

तू होडी तेवढी परत पाठवलीस वसू. तिचं काय करावं, हे सांगायला कुणीच आलं नाही.

शालूच्या मामाला निरोप धाडला आहे, गणपतीत पोरीला तेवढी आणून सोड. ताराला बोलावलं नाही. जाळायला सांगितलेली होडी मेजावर मांडून तिला कुठल्या तोंडाने ये म्हणू?

तुला शब्द देतो. तबकडी लागेल ती शालूसमोरच. आणि "सांग रे दादा" म्हणून तू थांबशील तेव्हा मी तोंड उघडणार नाही. ती जागा तिची. तिला ओळ आली तर ती सांगेल. नाही आली तर राहिली, तू हसतोसच.

घरापुढच्या खळ्यात पावलं वाजताहेत, त्यात एक पोरीची धावती. शालूच असणार, पण गणपतीला तर अजून अवकाश आहे. आणि तिच्याबरोबर मामा नाही.

तारा आहे. माझा निरोप तिच्याच कानी गेला असणार. छत्री मिटून उंबऱ्याबाहेर थांबली आहे. माझ्याकडे नाही, मेजावरच्या पेटीकडे बघते आहे, खिळ्यांच्या बुजवलेल्या भोकांकडे.

"फळी मी वळाखलंय, भावजी," ती म्हणाली. छत्री भिंतीला टेकवली. मग शालूचा हात धरून आत आली आणि पाटावर बसली. "तुमचा लिवन होवंदे. मगे लावा."

काटा तासलेलाच आहे.

तुझा,
दादा