सुदर्शनला पाचदा भोसकण्याचा बेत

२ जून, पहाटे ५.२०
ठरलं. पुढच्या महिन्यात बँकॉकला आंतरराष्ट्रीय मास्टर्स क्रीडा महोत्सव. तलवारबाजी, पुरुष फॉइल (हलकी, टोचायची तलवार), चाळिशीवरचे. फॉर्म भरला. वजन ९४, पैकी बरंचसं खांद्यांत.

कारण लिहून ठेवतो, म्हणजे राग निवणार नाही. शिवकन्याला दहावीनंतर नांदेडला जायचंय, सुदर्शनच्या अकादमीत तलवारबाजी शिकायला. अख्खा नांदेड जिल्हा शिकायला लातूरला येतो आणि माझी पोरगी उलट्या दिशेची एसटी धरणार! तीही सुदर्शनसाठी, ज्यानं अठ्ठ्याण्णवच्या विभागीय फायनलला फॉइलच्या मुठीनं माझा पुढचा दात पाडला. तो म्हणतो, चुकून. दात चुकून पडत नसतात.

तोही बँकॉकला येतोय. शिवकन्याला शब्द दिला: त्याला हरवलं तर तू लातुरातच, माझ्या हाताखाली शिकायचं. हरलो तर खुशाल नांदेड. ती म्हणाली, "गळ्यातल्या लिंगावर हात ठेवून म्हणा, अप्पा." ठेवला. म्हणालो.

उद्यापासून रोज पाचला सराव.

३ जून, सकाळी ८.४०
गजर वाजला नाही. वाजला असेल तर हळू वाजला.

५ जून
दालमिलच्या गोदामात पोत्यात भुसा भरून टांगला. त्यावर खडूनं सुदर्शन लिहिलं. एकशे बारा वेळा भोसकला. पोटात, बरगडीत, पुन्हा पोटात. एकशे तेराव्याला दोर तुटला आणि पोतं मुनीम संगप्पाच्या डोक्यावर. त्याची कवळी निसटून हरभऱ्यात पडली. म्हणाला, "मालक, पोत्याला मारायलाव का मला? तोंडानं सांगा की, उद्यापासून येत न्हाई."
या माणसात खेळाडू वृत्ती नाही.

११ जून
शिवकन्याबरोबर सराव. पंधरा–तीन. पोरीचा उत्साह मोडू नये म्हणून तीनवरच थांबलो. डाव्या बरगड्या काळ्यानिळ्या. श्वास घेताना आत चाकू फिरतो. चांगली लक्षणं.

ती म्हणाली, "अप्पा, वार आला की तुमचा डावा हात छातीवर येतो. फॉइलमध्ये छाती, पोट, पाठ एवढंच तर मारायचं असतं. ते रिकाम्या हातानं झाकलं की आधी पिवळं कार्ड, नंतर दर वेळी लाल. लाल म्हणजे समोरच्याला फुकट पॉइंट."

तुझ्या जन्माआधीपासून मला नियम पाठ आहेत, म्हणालो.

हात येतो, त्याला कारण आहे. आठव्या वर्षी दीक्षा झाली तेव्हा अव्वानं, म्हणजे आईनं, चांदीच्या डबीतलं लिंग गळ्यात घातलं आणि बजावलं: पळताना, पडताना, भांडताना डावा हात याच्यावर. हे गेलं की प्राण गेला. त्यानंतर मी कबड्डीसुद्धा एका हातानं खेळलो. भांडणंही. पण ते लहानपणी. आता हात पूर्ण ताब्यात आहे.

१९ जून
गौरम्मानं स्वतः डावा हात नाड्यानं पाठीमागे कमरेला बांधला. म्हणाली, "घ्या, आता करा लढाई." पहिल्याच धावेत तोंडावर पडलो, कारण सावरायला हात नव्हता. नाकातून रक्त, चटईभर. शिवकन्या बर्फ आणायला पळाली. गौरम्मा नाडा सोडताना म्हणाली, "डबी काढून देवघरात ठेवा की चार मिनिटं. महादेव काही पळून जायलाय का?"
बायकोशी धर्मचर्चा करू नये.

२७ जून
गांधी चौकात ऑटोवाल्यानं कट मारला. छत्रीनं लंज केला, पाय टाकून झेपेचा वार. पाय, गुडघा, मनगट, सगळं निर्दोष. त्यानं उतरून थोबाडीत दिली. थोबाड फॉइलच्या लक्ष्यात येत नाही, म्हणजे पॉइंट माझाच. दोन दिवस उजव्या बाजूनं चावायचं नाही.
चौकात संगप्पा होता. तो हसला, असं मला वाटलं. वाटलं असेल.

१० जुलै, बँकॉक
शिवकन्या माझी कोच म्हणून सोबत. हॉटेलच्या दारात सुदर्शन. "काय विरूपाक्षशेट, दालमिल सोडून इकडं कुठं येऊन राहिले?" त्यानं घरच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी पुढं केली. शत्रूचा अंदाज यावा म्हणून चार खाल्ल्या.

यादी लागली. एका देशाचे दोघं एकाच गटात आले की त्यांची लढत सगळ्यांत आधी. म्हणजे उद्या सकाळी नऊला पहिल्या पट्टीवर मी आणि सुदर्शन. लातूरहून नांदेड एसटीनं तीन तास. आम्ही त्यासाठी समुद्र ओलांडला.

बेत: पाच पॉइंटांची लढत, पाच वार. पाचही पोटात. शेवटचा असा की पातं कमानीसारखं वाकलं पाहिजे.

११ जुलै, दुपार, दवाखाना
उजवा हात शाबूत, म्हणून लिहितोय. डाव्याचं मधलं बोट मोडलंय.

क्रमानं लिहितो. पहिला वार माझा. सरळ बेंबीवर, हिरवा दिवा. सुदर्शन "हुक्" करून वाकला. छत्तीस वर्षांचा खेळ सार्थकी लागला असं वाटलं. (सत्तावीस. पण वाटलं छत्तीस.) मग त्याचा वार माझ्या बरगडीवर, जुन्याच जागी. डोळ्यांपुढं काजवे. मी धावून गेलो, मास्कवर मास्क आपटला, ओठ दातात फुटला, तोंडात रक्ताची चव. त्याच झोंबाझोंबीत त्याच्या पाठीवर वार बसला. दोन–एक. त्यानंतर तो पुढं आला आणि पंचांनी पिवळं कार्ड काढलं. का ते कळेना. खाली बघितलं, डावा हात छातीवर.

शिवकन्या बाजूनं ओरडत होती, "हात, अप्पा, हात!"

मग कापाकापी. त्यानं मला गळ्याखाली टोचलं, मी त्याला कुशीत. त्याचं पातं मोडलं, उरलेलं टोक माझ्या बाहीतून आरपार. नवं पातं आणलं. त्यानं आणखी दोन मारले, मी एक. चार–चार. सगळं सभागृह आमच्या पट्टीभोवती. म्हणजे निम्मं.

मी मनाशी म्हणालो, हात खाली, हात खाली. सुदर्शन झेपावला. टोक थेट डबीच्या रोखानं येत होतं. मला बँकॉक दिसलं नाही, सुदर्शन दिसला नाही, काहीच आठवलं नाही. बोट मोडल्याचा आवाज मात्र आला, वाळल्या तुराटीसारखा. पांढरा दिवा. वार हातावर, म्हणून पॉइंट नाही. मी आनंदानं ओरडलो.

पंचांनी लाल कार्ड काढलं.
पाच–चार.

डबीला पोचाही आला नाही. सुदर्शननंच मला उचलून टॅक्सीत घातलं. चुकून त्याचे आभार मानले.

१५ जुलै, लातूर
पंच पक्षपाती होते. पट्टी घसरडी होती. दशम्यांनी पोट जड झालं, तो त्याचाच डाव. शिवाय शेवटचा वार त्यानं मारलाच नाही, कार्डानं मारला. कार्डाला शब्द लागू होत नाही.
शिवकन्याला सांगितलं, ही मॅच धरायची नाही. ती म्हणाली, "बरं, अप्पा." बांधलेली बॅग उघडली आणि कपडे परत कपाटात लावले. भांडली असती तर बरं झालं असतं. मी उत्तरं तयार ठेवली होती.
गौरम्मानं जेवायला वाढलं नाही, ताट नुसतं आपटलं.

१७ जुलै
गोदामातून आवाज आला म्हणून गेलो. शिवकन्या पोत्याला भोसकत होती. मोजत नव्हती. भुसा उडत होता, पोत्याच्या चिंध्या झालेल्या, तरी थांबेना. मी हाक मारली. तिनं ऐकलं आणि आणखी जोरात मारलं. पातं मोडलं, तुकडा उलटा उडून तिच्या मानेला चाटून गेला. कॉलर लाल.
संगप्पानं आपला धुतलेला गमजा तिच्या मानेवर दाबला. मला म्हणाला, "पोतं न्हाई ते मालक, तुम्ही हाव." पहिल्यांदाच हसत नव्हता.
तीन टाके. दोन बोटं इकडं असतं तर, डॉक्टर म्हणाले.
बॅग मी भरली. एका हातानं.

२१ जुलै, नांदेड
शिवकन्याला सोडलं. हा निर्णय पूर्णपणे माझा. सुदर्शनला स्पष्ट सांगितलं की लातूरच्या अनुभवाचा तुझ्या अकादमीला फायदा होईल. तो म्हणाला, "हाव शेट, होऊन राहिला की आताच." अर्थ लागला नाही. तिच्या पाठीवर हात ठेवला, तेवढ्यात सरावाला तिची रांग धावत सुटली.

२ ऑगस्ट, सायंकाळी ६
शिवकन्याचा फोन. सुदर्शन नव्या पोरांना पहिल्याच तासाला बँकॉकच्या मॅचचा व्हिडिओ दाखवतो म्हणे. शेवटी नांदेडला माझी किंमत कळली.
कशासाठी दाखवतो, विचारलं. म्हणाली, "कार्ड कशाला मिळतं ते शिकवायला."
पोरं हसतात का, विचारलं. म्हणाली, "लई हसली, अप्पा. मग मी उभी राहून सांगितलं, हे माझे वडील आहेत."
मग?
"मग अजून हसली. मीपण."