मथुरेनं वाचलेला शेवट

नातेपुते, ता. ५ ऑगस्ट १९३२

ती. आण्णास मथुरेचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व खुशाल, असं पत्राच्या सुरुवातीला लिहायची रीत आहे म्हणून लिहिते.

तुझी कादंबरी येते त्या साप्ताहिकाचा अंक पोचला. दुपारी धान्य निवडताना मी मोठ्यानं वाचते. सासूबाई आणि आळीतल्या सात-आठ बायका ऐकतात. तुझ्या नर्मदेचा नवरा तिच्या वस्तू लपवतो आणि तिलाच वेडी ठरवतो. आमटीत कुणीतरी दुसऱ्यांदा मीठ टाकतं, हे माझ्याच पत्रातून उचललंस, चोरा. त्याचा राग नाही. पण आता इथं किल्ल्याही नाहीशा होतात, आणि सुनेचं डोकं ठिकाणावर न्हाय असं सासूबाई पाहुण्यांत सांगतात. ह्यांच्यासाठी अकलूजला दुसरी मुलगी बघितली आहे म्हणे. कधी कधी वाटतं, मीठ मीच दोनदा टाकत असेन का?

आळीतल्या सगळ्याजणी नर्मदेच्या बाजूच्या आहेत. शेवटी नवऱ्याला चारचौघांत उघडा पाड, म्हणजे माझ्यासाठीही कुणी तोंड उघडेल. माझी सारी भिस्त त्यावर आहे.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी बहीण मथुरा

सोलापूर, ता. ८ ऑगस्ट १९३२

चि. सौ. मथुरेस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हा शेवटचं प्रकरण छापून टपालात पडलं होतं. वाचकांची झोप उडेल, अशी जाहिरात मीच लिहिली आणि शेवट भिकार केला. नवरा दोषी निघाला तर वर्गणीदार तुटतील असं संपादक म्हणाले, मी मान डोलावली. नर्मदा खरोखरच वेडी निघते. वस्तू तीच लपवत असते. मथुरे, तो अंक कुणाला वाचून दाखवू नकोस. मला माझी लाज वाटते. न्यायला येऊ का, ते लगेच कळव.

रागाव, पण पत्र बंद करू नकोस.

तुझा आण्णा

नातेपुते, ता. ११ ऑगस्ट १९३२

ती. आण्णास शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आज मिळालं. अंक मंगळवारीच आला होता. बायका जमल्या होत्या. निम्मं प्रकरण वाचलं आणि पुढच्या ओळी डोळ्यांना आधी दिसल्या. वाटलं, आण्णालाही मी वेडीच वाटते. मग अंकावरची नजर न काढता मी मनचंच वाचत गेले. नवरा सापडतो. मीठ टाकणारी त्याची आई असते, आणि लेकाच्या धाकानं केलं असं ती सगळ्यांदेखत कबूल करते.

सासूबाईंच्या हातातलं सूप निसटलं. त्या उठून आत गेल्या. दिवेलागणीला किल्ल्या माझ्यापुढे ठेवून रडल्या; लेकानं भरीला घातलं म्हणाल्या. मीही रडले, कारण मी शहाणी होते हे मला तेव्हा कळलं.

अंक चुलीत घातला. पण हे फलटणला गेलेत आणि तिथल्या वाचनालयात तोच अंक असतो; छापलेला शेवट दाखवून ते मला पुन्हा वेडी ठरवतील. येत्या मंगळवारी परततील. त्याच्या आत भावाला बोलवून माहेरी जा, असं सासूबाईच म्हणाल्या.

लोभ असावा असं या खेपेला लिहीत नाही. असेल तर सोमवारच्या मोटारीनं ये.

मथुरा