गोपनीय भाषांतर

३ जून

सेन्सॉर मंडळाचं पत्र आलं. कार्तिकेयचा सिनेमा तंजावरी मराठीत आहे आणि तपासणी समितीत ती कुणालाच कळत नाही. भाषातज्ज्ञ म्हणून मी संवाद इंग्रजीत उतरवून द्यायचे. नाव गुप्त. निर्मात्याला कळू द्यायचं नाही.

मी! वीस वर्षं सेन्सॉरचा इतिहास लिहिते आहे. फुटांत मोजलेली कापाकापी, तारखांसकट.

हो कळवलं. निर्माता माझा भाचा आहे, हे नाही कळवलं.

४ जून

पाहिला. आमचीच राजवाड्यामागची गल्ली. दीड तास बायका तांदूळ निवडतात, मधेच एखादी बोलते. कंटाळवाणा.

अठ्ठेचाळिसाव्या मिनिटाला थोरली बहीण येते. प्राध्यापक. बोलण्याआधी घसा खाकरते, माझ्यासारखी. धाकटी तिच्याकडे न बघता म्हणते, "कुंभकोणमचं माझं स्थळ अक्कानं मोडलं. निनावी पत्र घालून."

म्हणजे भामाला, माझ्या धाकट्या बहिणीला, माहीत होतं. मरण्याआधी मुलाला सांगितलं. मला चाळीस वर्षांत एकदाही नाही.

वाक्य खरं आहे.

५ जून

कार्तिकेय फिल्टरची कापी प्यायला आला. पत्राचं त्याला ठाऊक नाही.

"पहिला खेळ इथंच लावणार, मावशी. गल्लीतले सगळे येतील. तूही आहेस त्यात, थोडीशी. रागावू नको."

"मी कशाला रागावू?"

"आईही तेंच म्हणायची. अक्का रागावत नाही, लिहिते."

हसला. तिचंच हसणं. तो गेल्यावर मी कप दोनदा विसळले.

७ जून

भाषांतर पूर्ण. बाकी सगळं चोख केलं. फक्त धाकटीचं ते वाक्य काढलं आणि तिच्या तोंडी एका जातीला शिवी घातली. इंग्रजीत अगदी सहज बसली.

समिती ऐकेल, पण विश्वास कागदावर ठेवेल. दृश्य जायला एक शिवी पुरते — माझ्याच इतिहासाच्या तिसऱ्या प्रकरणात आहे.

पाकीट बंद करून स्वतः टपालात टाकलं.

८ जून

झोप चांगली लागली.

२ जुलै

आदेश आला. बावन्न सेकंद कापायचे. कार्तिकेय दारातूनच बोलत आत शिरला.

"शिवी म्हणे! कोठली शिवी? त्यात शिवीच नाही की, मावशी. कोण्या गाढवानं भाषांतर केलं?"

"असेल कुणी. कापून टाक. बावन्न सेकंदांनी काय बिघडतं?"

त्याने आदेशाचा कागद टेबलावर ठेवला.

"हें तू म्हणतेस?"

"कंटाळले आहे मी या विषयाला."

"बाकी सगळं मी लिहिलं. तेवढं एक वाक्य आईचं आहे. जसं बोलली तसंच ठेवलं."

कापी न घेता गेला. बरं झालं. भामा मेल्यावरही बोलणार, आणि सगळ्या गल्लीनं ऐकायचं?

१६ जुलै

तो उच्च न्यायालयात गेला आहे. घरचे सगळे त्याच्या बाजूने. मला कुणी विचारलं नाही, मीही बोलले नाही.

२४ जुलै

कोर्टाचा हुकूम. सोमवारी मंडळाच्या भाषातज्ज्ञाने जातीनं हजर राहायचं. कार्तिकेयनेही आपला तज्ज्ञ आणायचा. दोघांनी ते दृश्य न्यायाधीशांसमोर ऐकून तिथंच अर्थ सांगायचा.

त्याने आपला तज्ज्ञ म्हणून माझं नाव दिलं आहे. आधी मला विचारावं, असं त्याच्या मनातही आलं नाही.