संदर्भ क्रमांक चौदा

काष्टी,
१२ जून

प्रिय मोनिका,

अनेक आशीर्वाद. तू मोबाईलवर पाठवलेले कागद मिळाले. 'पान दोनवर सही करून फोटो पाठवा' एवढंच तू लिहिलं होतंस, म्हणजे तुझ्या मते काम पाच मिनिटांचं. मला आज सहावा दिवस आहे. फोन करावा असं दोनदा मनात आलं, पण फोनवर आपलं 'बरे आहात ना' आणि 'बरा आहे' याच्या पुढं जात नाही. म्हणून पत्र लिहितो आहे. कागद जास्त झाले तर कंटाळू नकोस.

स्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्या कल्याणकडून मी तुझा अख्खा लेख छापून घेतला. इंग्रजी मला जेमतेम. पण कालवा, गेज, पाण्याचं आवर्तन या गोष्टी मी अठरा वर्षं निरीक्षक म्हणून पाहिल्या, तेव्हा काहीतरी लागेल असं वाटलं. कसलं काय. दर वाक्याच्या शेवटी चौकोनी कंसात एक आकडा. मला वाटलं, ही गेजच्या पट्टीवरची पाण्याची मापं. सात, बारा, चौदा. मोठ्या कालव्यात चौदा सेंटिमीटर पाणी, म्हणजे खालच्या गावांनी ऑफिसवर मोर्चाच आणला असता. कल्याण हसला. म्हणाला, "काका, ते पानी न्हाई. ही गोष्ट कुनाकडनं घेतली त्याचा नंबर हाय त्यो. यादी मागं हाय."

यादी पाहिली तर आणखी गोंधळ. आधी आडनाव, मग नावाचं एकच अक्षर, मग साल. कुठं तिरपं अक्षर, कुठं सरळ. चौथ्या नंबरला 'लगड एम. आर.' वाचलं आणि मी तिथल्या स्टुलावर बसलो. मालन राम लगड. तुझी आई तिसरी शिकलेली, परदेशातल्या माणसांच्या रांगेत ती कशी आली? तू तिचं नाव घातलंस असं वाटून मला भरूनच आलं. कल्याणनं सांगितलं, "आवं, मोनिका राम लगड. तिनं आधीचा सोताचाच लेख लावलाय." मग कळलं. पण तुमच्या दोघींची अक्षरं सारखीच होतात हे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. तुला सुचलं होतं का?

चौदाव्या नंबरला मी. 'लगड आर. बी., कालव्याच्या गेजची दैनिक नोंदवही, अप्रकाशित, काष्टी, अहमदनगर.' माझं नाव छापील मी फक्त लग्नाच्या पत्रिकेत आणि मतदार यादीत पाहिलंय. आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण लेख छापणाऱ्या मासिकानं विचारलेल्या शंका वाचून डोकं फिरलं. तुझ्या कॉलेजचा पत्ता अहिल्यानगर आणि वहीवर अहमदनगर, हे एकच गाव का, असं ते विचारतात. वही प्रसिद्ध झालेली नाही तर तिचं साल कोणतं, पहिल्या पानाचं की शेवटच्या? जिल्ह्याचं नाव बदललं हे त्यांना कळवून टाक. साल मला ठरवता येत नाही.

आणि मग पान दोन. कल्याणनं मराठीत सांगितलं ते असं, की 'या वहीतल्या सर्व नोंदी मी स्वतः, त्या त्या तारखेला, जागेवर उभं राहून घेतल्या आहेत.' खाली माझं नाव आणि सहीची रेघ. पेन त्याच्याच टेबलावर होतं. मी म्हणालो, उद्या येतो. तो म्हणाला, "एवढी तर सही हाय, काका." पाच दिवस झाले, त्या दुकानासमोरून जायचं मी टाळतो आहे.

तुझा तो आलेख मला मात्र समजला. तारखा आणि आकडे कुठल्याही भाषेत सारखेच. वरच्या गेजला, म्हणजे माझ्याकडं, पाणी भरपूर. खालच्या गेजला काहीच नाही. मधलं पाणी जमिनीत मुरलं, असं तू लिहिलंस, आणि सगळ्यात मोठी गळती मे २०१८ मधली दाखवलीस. सगळा लेख त्या एका आठवड्यावर उभा आहे. पान उघडून मी तासभर बसून राहिलो. तुझी चूक कुठंच नाही. गणित बरोबर आहे.

मे २०१८ म्हटलं की तुला काय आठवतं ते मला माहीत आहे. नगरच्या दवाखान्यात तुझी आई अकरा दिवस होती. तुझी पुण्यात परीक्षा होती आणि तुला कळवू नका हे तिचंच म्हणणं होतं. पुढं तिची शुद्धच गेली. तू आलीस ती शेवटच्या दिवशी, सगळं संपल्यावर. दोन वर्षांनी पेटीतल्या वह्या न्यायला आलीस तेव्हा उभ्या उभ्या तू ती पानं चाळलीस. नऊ मेपासून एकोणीस मेपर्यंत सकाळ-संध्याकाळची नोंद, एकही वार चुकलेला नाही. तू मला म्हणालीस, "आईपेक्षा पाणी मोठं होतं तुम्हाला." मी वह्या सुतळीनं बांधून दिल्या. तू वह्या घेऊन गेलीस आणि त्यानंतर या घरात एकदाही मुक्कामाला राहिली नाहीस.

मोनिका, मी सही केलेली नाही. त्या अकरा दिवसांत मी गेजवर एकदाही गेलो नाही. वही माझ्या पिशवीत होती. दवाखान्याच्या बाकावर बसून मी आदल्या दिवसाचा आकडा एकानं वर, एकानं खाली करून लिहीत होतो, कारण रजा टाकायला ऑफिसला जावं लागलं असतं आणि तेवढा वेळही तिला सोडवत नव्हतं. पुढं कालव्यावरच्या पाटकरी अजिनाथनं सांगितलं, "सायेब, तेरा-चौदाला चारी फुटली व्हती म्हनून वरनंच पानी बंद व्हतं." माझ्या वहीत त्या दिवशी बासष्ट आणि एकसष्ट आहे. जे पाणी आलंच नाही ते तू मुरलं म्हणून मोजलंस. तू दहा वर्षांची असताना गेजवर 'साधारण साठ' म्हणाली होतीस आणि मी तुला पुन्हा खाली उतरवून नीट वाचायला लावलं होतं. त्या पोरीला बापानं अकरा दिवस मनानं आकडे लिहिले हे कसं सांगायचं, तेच मला इतकी वर्षं कळलं नाही. बायकोला टाकून गेलेला माणूस म्हणवून घेणं मला त्यापेक्षा सोपं वाटलं. ते चूक होतं की बरोबर, अजून उमगत नाही. तुझ्या लेखातली त्या अकरा दिवसांच्या आकड्यांची पानं लाल पेनानं काट मारून सोबत ठेवली आहेत. लेख छापायच्या आत ते आकडे काढून टाक, मग माझं नाव यादीत राहो न राहो. मी तिच्याजवळ होतो. शेवटपर्यंत तिचा हात माझ्या हातात होता.

तुझाच,
अण्णा