दुसऱ्या नावाची रिकामी जागा

चाचा,

परदेशातल्या एका शाळेने माझ्याकडे यादी मागितली होती. आजवर स्वतःच्या हातांनी काय काय केलंत, ते लिहा म्हणाले. ती आधी तुम्हाला वाचून दाखवतो, कारण तिच्यात चूक काढायची तर तुम्हीच काढू शकाल. प्रयोगशाळेचे तराजू, काचा लावलेल्या सागवानी पेटीसकट, एकसष्ट. त्यातले नऊ परत आले, नऊही टेम्पोत आपटून. लाकडी कप्प्या चारशेच्या वर. सायकलच्या हबवर फिरणारा, कला दाखवणारा चंद्र. पाण्याचं घड्याळ, तासाला चाळीस सेकंद मागे पडणारं. चाळीसचे वीस करायला दोन उन्हाळे घालवले, झाले नाहीत. सहावीच्या मुलांना बसून विणता येईल असा हातमाग, धोट्यासकट. वाघोलीच्या शाळेच्या गच्चीवरची पवनचक्की. मुलीचं अभ्यासाचं टेबल, एकही खिळा न मारता. घरचा शिसवी पोळपाट, ज्याचा व्यास कुठूनही मोजा, अर्ध्या मिलिमीटरचा फरक येणार नाही. त्यावर बायको म्हणते, "अहो, पोळपाट गोल आहे, पण पोळी अजून मलाच गोल करावी लागते." अशा सतरा ओळी भरल्या. तुमच्या दुकानात मी बिघडवलेला तराजू यादीत घातला नाही.

तो तुम्हाला नक्की आठवत असेल. मी एकोणीस वर्षांचा, कॉलेज अर्ध्यात सोडलेला, मंडईमागच्या तुमच्या आठ बाय दहाच्या दुकानात येऊन जेमतेम दोन महिने झालेला. तुम्ही दुपारच्या नमाजाला गेला आहात आणि पेरूवाल्या मावशी तराजू घेऊन येतात. दांडी पडून वाकली आहे. मी ती ठोकून सरळ करतो, तरी एक पारडं जरासं खाली राहतं, म्हणून समोरच्या पारड्याखाली शिशाचा तुकडा डकवतो. काटा बरोबर मधोमध येतो. मी खूश. तुम्ही आलात, चष्मा कपाळावर चढवलात आणि मावशींच्या पाटीतले पेरू एका पारड्यात टाकलेत, किलोचं वजन दुसऱ्यात. चिमूटचिमूट खिळे टाकून काटा जुळवलात. मग पेरू आणि खिळे त्या पारड्यात, वजन या पारड्यात, अशी अदलाबदल केलीत. पेरूंचं पारडं वर गेलं ते गेलंच. "दहा ग्रॅम," तुम्ही म्हणालात. "म्हणजे पाचची खोट. दांडीचा एक हात मिलिमीटरभर आखूड झालाय आणि हे साहेब शिसं चिकटवून मोकळे." मी म्हटलं, "पण चाचा, सरळ उभा होता." "रिकामा होता. रिकामे असताना सगळेच सरळ उभे राहतात." मावशींना कीव आली असावी. "राहू द्या की हो चाचा, फायद्याचाच झालाय म्हणायचा!" तुम्ही त्यांच्याकडे वळून म्हणालात, "मावशी, फायदा कुणाचा ते कुठलं पारडं कुठल्या हाताला येतं त्यावर. उद्या उलटा धरलात तर घरचे पेरू जातील." त्या हसल्या, दुकानाबाहेर उभे असलेले दोघे हसले, आणि मी तीन दिवस बसून नवी दांडी घासली.

त्या तीन दिवसांत तुम्ही मला कानस धरायला शिकवलीत. तोंडाने फारसं नाहीच. शेजारी बसून स्वतःचं काम करत राहिलात आणि मी बघत राहिलो. तुमच्या उजव्या हाताची करंगळी तरुणपणी वीस किलोच्या वजनाखाली सापडली होती, तेव्हापासून ती वाकत नव्हती. बाकीची चार बोटं कानशीवर आणि करंगळी आपली वेगळी, ताठ. मी बोटं बघितली तशीच्या तशी उचलली, त्यातलं कुठलं कौशल्याचं आणि कुठलं दुखापतीचं हे विचारलं नाही. चार वर्षं तुमच्याकडे होतो. निघताना तुम्ही तीच कानस दिलीत, आंब्याच्या लाकडाची मूठ झिजून एका बाजूला खोलगट झालेली. म्हणालात, "हडपसरला वर्कशॉप टाकतोस ना? टाक. अदलाबदल करून बघितल्याशिवाय माल बाहेर सोडू नकोस."

मध्येच उठून आलो. ड्रिल मशीन बंद केलं आहे का ते बघायला. बंदच होतं. आठवडाभर हे असंच चाललं आहे; हातात घेतलेलं काम खाली ठेवतो, दुसरं उचलतो, तेही ठेवतो.

वर्कशॉप टाकून पाच वर्षं झाली तेव्हा एका वर्तमानपत्राचा माणूस आला होता. शाळांना स्वस्तात प्रयोगाची साधनं करून देणारा कारागीर म्हणून माझ्यावर त्याला लिहायचं होतं. त्याने विचारलं, "शिक्षण?" मी म्हटलं, बारावी. त्याचं पेन थांबलं. मग त्याने विचारलं, "मग हे सगळं कुणाकडे शिकलात?" आणि चाचा, मी म्हटलं, "कुणाकडे नाही. स्वतःचं स्वतः." त्याचं पेन पळायला लागलं. तुम्हाला लपवावं असं मनात नव्हतं. पण मंडईमागे तराजू दुरुस्त करणाऱ्याकडे चार वर्षं होतो म्हटलं असतं, तर मी दुरुस्तीवाल्याच्या हाताखालचा माणूस झालो असतो. 'स्वयंशिक्षित' हा शब्द पदवीसारखा वाटतो. पदवीच्या जागी लिहायला माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. तो छापून आला, फोटोसकट. मग बोलावतील तिथे मी तेच सांगत गेलो आणि काही वर्षांनी सांगताना अडखळायचाही थांबलो. तुमच्या मातीला आलो होतो तेव्हा कब्रस्तानाच्या दारापाशी एका वृद्ध गृहस्थांनी विचारलं, "आपण कोण?" मी म्हटलं, "ओळखीचा."

वाघोलीच्या शाळेत मला सहा वर्षं झाली. मुलं सर म्हणतात. कागदावर मी वर्कशॉप असिस्टंट. वार्षिक अंकात शिक्षकांचं पान असतं, त्यावर मी नसतो. मी पुढच्या पानावर, बसचालक आणि माळी यांच्याबरोबर. ती माणसं चांगली आहेत, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण सातवीला तरफ शिकवतो कोण? मी. म्हणूनच आखातातल्या एका शहरातल्या इंटरनॅशनल स्कूलची जाहिरात मुलीने दाखवली आणि त्यात 'शिक्षक, डिझाइन टेक्नॉलॉजी' असं वाचलं, तेव्हा पगाराचा आकडा मी नंतर पाहिला. आधी तो पहिला शब्द दोनदा वाचला. मुलगी आयटीत आहे, तिचं बोलणं अर्धं इंग्रजीतच. "बाबा, डिग्री कम्पल्सरी नाहीये. इक्विव्हॅलंट एक्सपिरियन्स चालेल म्हणतायत. आणि तुम्ही सेल्फ-टॉट आहात, हे तर तिकडे जाम आवडतं लोकांना." तिने अर्जाच्या अगदी वर तो शब्द टाइप केला. मी म्हटलं, ठळक कर.

नमुन्याचा तास व्हिडिओवर घ्यायचा होता. दुपारी एक वाजता, हडपसरच्या वर्कशॉपमधून. पडद्यावर सोळा मुलं, त्यांच्या प्राचार्यबाई, आणखी दोघे. मी काय शिकवलं असेल ते तुम्हाला सांगायला नको. लाकडी तराजू, एक हात मुद्दाम मिलिमीटरभर आखूड केलेला, पारड्याखाली शिसं. रिकामा सरळ उभा. पेरू मुद्दाम मंडईतून आणले होते. अदलाबदल केली, पेरू वर गेले, मुलं ओरडली. माझं इंग्रजी कामापुरतं आहे, पण त्या दिवशी काम चाललं. मग दांडीचा एक हात लाकडी पकडीत धरून कानशीने घासून दाखवायला लागलो, तशी एका मुलीने हात वर केला. "सर, तुमच्या करंगळीला लागलंय का?"

मी हाताकडे बघितलं. करंगळी ताठ उभी होती. तेहेतीस वर्षं उभी आहे आणि मला ठाऊक नव्हतं. घरातल्या कुणी कधी विचारलं नाही, त्यांना वाटलं असेल कारागिरी अशीच असते. मी म्हटलं, "नाही, सवय आहे." प्राचार्यबाई पुढे झुकून म्हणाल्या, फारच सुंदर तास झाला, हे आपल्याला कुणी शिकवलं? तुमची कानस माझ्या हातात होती, चाचा. मी म्हटलं, "कुणी नाही. चुका करत करत शिकलो." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

आठ दिवसांनी नेमणुकीचं पत्र आलं. एवढीच अट की दोन माणसांची शिफारसपत्रं शुक्रवारपर्यंत पाठवायची. पहिलं आमच्या मुख्याध्यापकांनी दिलं. दुसऱ्या जागेपाशी लिहिलं होतं: ज्यांनी आपल्याला काम शिकताना पाहिलं आहे अशी व्यक्ती. काम शिकताना मला पाहिलेली दोनच माणसं. एक तुम्ही. दुसरा तुमचा मुलगा, जो तेव्हा शाळेतून येऊन गल्ल्यामागे अभ्यास करत बसायचा.

गेलो. दुकान तिथेच आहे, पण आता इलेक्ट्रॉनिक काटे विकतो तो. भिंतभर लाल आकडे चमकत असतात. चहा मागवला. मी मोघम बोललो, ओळख असल्याचं दोन ओळींचं पत्र हवंय म्हटलं. "देतो की," तो म्हणाला. "काय लिहू? तू आमच्याकडे होतास असं, की नव्हतास असं?" त्याने खालच्या कप्प्यातून तुमची वजनांची जुनी पेटी काढली आणि झाकण उघडून माझ्याकडे फिरवली. झाकणाच्या आतल्या बाजूला ते कात्रण चिकटवलेलं. पिवळं पडलेलं, पण नीट, चारी कोपरे काटकोनात. फोटोत मी कानस धरून बसलोय, करंगळी वर.

"अब्बा सगळ्या गिऱ्हाइकांना दाखवायचे," तो म्हणाला. "म्हणायचे, बघा, या पोराला कुणीच शिकवलं नाही. माझी करंगळी तेवढी घेऊन गेला."

मी विचारलं, "रागाने म्हणायचे?"

"अब्बा कसे बोलायचे ते तुला माहीत आहे. मला शेवटपर्यंत कळलं नाही. तुला कळतं का बघ."

त्याने पत्र लिहून दिलं. स्वच्छ अक्षरात, दुकानाच्या शिक्क्यासकट: चार वर्षं आमच्या दुकानात, माझ्या वडिलांच्या हाताखाली, तराजू तयार करण्याचं आणि तपासण्याचं काम शिकले, हाताला खोट नाही. खोटा शब्द एकही नाही त्यात. ते घरी आणून मुलीला द्यायचं आणि तिने स्कॅन करून पाठवायचं, इतकंच काम होतं. सोमवारी आणलं. मंगळवारी ती म्हणाली, "बाबा, एक पीडीएफ अपलोड करायचंय, दोन मिनिटांचं काम आहे." बुधवारी पुन्हा म्हणाली. मी म्हटलं, देतो. पडद्यावर मी सोळा मुलांसमोर जे बोललो, त्याच्या शेजारी हा कागद ठेवला तर प्राचार्यबाईंना काय दिसेल, ते मी उलटसुलट करून बघत होतो. त्यांनी कदाचित एका ओळीत सोडूनही दिलं असतं. त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर बदलायला मीच तयार नव्हतो. गुरुवारी मुलीला सांगितलं, नको, नाही जात, कळवून टाक. तिने लॅपटॉप मिटला. बायकोला सांगितलं, तिकडची हवा मानवणार नाही. ती कणीक मळत होती. म्हणाली, "हवेचं कळलं. आता कारण सांगा."

अजून सांगितलेलं नाही. वाघोलीच्या शाळेत तर गंमतच झाली आहे. परदेशची नोकरी नाकारून इथल्या मुलांसाठी थांबले म्हणून स्टाफरूममध्ये माझं कौतुक चाललं आहे आणि यंदा शिक्षकांच्या पानावर फोटो घेऊ म्हणतात. मी तेही खोडून काढलेलं नाही. तुमच्या मुलाचं पत्र टेबलाच्या खणात कानशीखाली ठेवलं आहे. हेही तिथेच जाईल. करंगळी दुमडून घासायचा प्रयत्न केला आज सकाळी. कानस घसरली आणि दांडीवर ओरखडा पडला.

तुम्ही विचारलं असतंत, किती देत होते? म्हणून लिहून ठेवतो, एवढं तरी बरोबर असू दे. शिक्षक, डिझाइन टेक्नॉलॉजी. दोन वर्षांचा करार, राहायला घर, वर्षातून एकदा दोघांचं विमानाचं तिकीट. महिन्याला हातात दोन लाख चाळीस हजार रुपये. तुमचं नाव सांगावं लागू नये म्हणून मी ते नको म्हटलं.