चाळीस वड्या पुन्हा वितळवल्याची हकीकत

ती. ताईंना धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा वाकून नमस्कार. (पूर्ण वाकता येत नाही, कारण खाली येईलच.) तुमचा गुडघा काय म्हणतो? साडूभाऊंचा खोकला हटला का? इकडे आम्ही सगळे, म्हणजे सध्या मी एकटाच, ठीक असल्याचं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. (फोन मुद्दाम केला नाही. तो साडूभाऊ उचलतात आणि त्यांना सांगितलेलं अर्ध्या तासात हिच्या कानी जातं. पत्र बसच्या कंडक्टरबरोबर पाठवतोय, उद्या मिळेल.)

तर तुम्ही शिकवलेला साबण हिनं केला, चांगल्या चाळीस वड्या. हिच्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाई पुढच्या शनिवारी निवृत्त होतात, तेव्हा समारंभात प्रत्येकीच्या हातात एकेक द्यायची होती. वड्या वाळत घालून ही आठ दिवस प्रशिक्षणाला गेली. जाताना बजावलं, "रोज फक्त उलटायच्या. डोकं चालवायचं नाही." (तेवीस वर्षांच्या संसारात मला मिळालेली सर्वांत सोपी कामगिरी.) तीन दिवस इमानेइतबारे उलटल्या. चौथ्या दिवशी त्यांच्यावर पांढरं काहीतरी दिसलं, म्हणून खालच्या मजल्यावरच्या निवृत्त कंपाउंडरना वर बोलावलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, वडी हुंगली आणि म्हणाले, "बुरशी. वितळवा आणि पुन्हा पाडा. अर्ध्या तासाचं काम." ताई, त्या अर्ध्या तासाचा आज तिसरा दिवस आहे.

चाळीसही वड्या किसल्या. कीस पातेल्यात घालून सरळ मोठ्या गॅसवर ठेवला, तर खाली करपला आणि वर कोरडाच. "पाणी घाला," कंपाउंडर म्हणाले. तांब्याभर घातलं, त्याची खळ झाली. "घोटा," म्हणाले. घोटलं, तर फेस दुधासारखा उतू गेला, ओट्यावरून फरशीवर आला आणि त्यावरून मी कंबरेवर आलो. कंपाउंडर दारातूनच म्हणाले, "पाणी जरा जास्त झालं." पातेलं ॲल्युमिनियमचं होतं हे ते आतून काळं पडल्यावर कळलं, तोवर साबण राखाडी झाला होता. मग कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली तुमची चिठ्ठी दिसली: स्टीलचं भांडं गरम पाण्याच्या भांड्यात, आच मंद, पाणी चमचाभर, वर झाकण, घोटायचं नाही, सुवास शेवटी. (हे सगळं मी केलं होतं, फक्त उलटं.) मग तसंच करून उरलंसुरलं कपांत ओतलं. ते आता कपांतून निघत नाही. बोट लावलं की ठसा उमटतो, आणि वास ओल्या भिंतीचा येतो. हे टणक कसं करायचं?

दमलो, ताई. आणखी लिहिलं असतं, पण पेन हातातून निसटतंय.

तुमचा,
सध्या अतिशय स्वच्छ असलेला, मेहुणा

ता. क. – खरं काम असं, की ही परवा येते. तिला परस्पर चार दिवस तुमच्याकडे ठेवून घ्या. कारण काहीही सांगा, गुडघा चालेल.

ता. क. २ – पाकीट शोधत होतो तेवढ्यात ही आलीच, दोन दिवस आधी. कप पाहिले, पातेलं पाहिलं, कंबरेला हात लावून उभा असलेला मी पाहिला.

"बुरशी होती," मी म्हणालो.

"अहो, साबण वाळताना वर खार येतो. ओल्या फडक्यानं पुसला असतात तर गेला असता."

रागावली नाही, याचीच मला जास्त धास्ती वाटली. खुर्चीत बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली, मग शाळेत फोन लावला. साबण वाटायचा बेत रद्द. त्याऐवजी "समारंभात माझे यजमान सर्वांना साबण करून दाखवतील," असं कळवलं. तिकडून टाळ्या ऐकू आल्या.

तेव्हा वरचं सगळं विसरा, आणि मिळेल त्या गाडीनं तुम्हीच या. मी आजवर साबण फक्त बिघडवलाय, केलेला एकदाही नाही.