सातवा फर्मा

प्रिय ठकू,

एवढं जाड पाकीट बघून बाबांनी मृत्युपत्र धाडलं की काय, असं वाटून घेऊ नकोस. माझ्याकडे मागं ठेवण्यासारखं आहे काय? पुस्तकं शिवायची चौकट, दोन कात्र्या आणि कंबरदुखी. पाकिटात या पत्राशिवाय पुस्तकाचे दोन छापील फर्मे आहेत, एक उघडलेला आणि एक मिटलेला. मिटलेल्याला आत्ता हात लावायचा नाही. लहानपणी नको म्हटलं की तू तेच आधी करायचीस, म्हणून मुद्दाम बजावतोय. आधी हे पत्र वाच, आणि मधेच टाकून देऊ नकोस.

आपलं बोलणं किती उरलंय बघ. दर रविवारी तू विचारतेस, गोळ्या घेतल्या का? मी म्हणतो, घेतल्या. मी विचारतो, जावईबापू बरे? तू म्हणतेस, बरे. झालं. आई गेल्यावर एकदाच तू जास्त बोललीस. म्हणालीस, शेवटच्या दिवशी दुपारी दोनऐवजी सकाळीच फोन केला असता तर आई जागी सापडली असती. आणि हमसून हमसून रडलीस. मी तोंडातून ब्र काढला नाही. तुला वाटलं असेल, बाबांचाही कंठ दाटलाय. तसं काही नव्हतं गं. ते गप्प बसणं वेगळं होतं. त्याचं पुढं सांगतो.

रडू मला येतच नव्हतं. काहीच येत नव्हतं. भूक नाही, झोप नाही, राग नाही. एकदा शिवताना सुई अंगठ्यात अर्धी घुसली, ती कागदावर लाल ठिपका दिसला तेव्हा समजली. ठिपका पुसला आणि पुढचा टाका घातला. कुणाला भेटायला यायची परवानगी नव्हती, म्हणून लोक फोनवरून धीर धरा म्हणायचे. धीर माझ्याकडे पोतंभर होता, दुसरं काहीच नव्हतं. मी सकाळी कामाच्या खोलीत जाऊन बसायचो आणि संध्याकाळी उठायचो. मधे काय केलं ते विचारशील तर सांगता येणार नाही.

आमच्या कामात तू कधी लक्ष घातलं नाहीस, म्हणून थोडं सांगतो. मोठ्या कागदावर सोळा पानं छापून येतात, त्याच्या घड्या घातल्या की झाला फर्मा. पहिला, दुसरा, तिसरा असे गठ्ठे मांडून टेबलाभोवती फिरायचं आणि प्रत्येकातला एकेक उचलायचा, की एक पुस्तक हातात येतं. ही जुळणी तुझ्या आईची. मी शिवायचो, ती फिरायची, आणि फिरता फिरता वाचायची. छापखान्यातून पुढचे फर्मे यायला आठवडा लागायचा, मग गोष्ट अर्ध्यावर तुटायची. ही बाई जेवताना तिचा शेवट स्वतः रचून मला ऐकवायची. पुढचा फर्मा आला आणि शेवट वेगळा निघाला की लेखकावर चिडायची, म्हणायची, एवढं कळत नाही तर लिहायला कशाला बसला? मी हूं हूं करायचो. पस्तीस वर्षं पुस्तकं शिवली, वाचलं एकही नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो मीच.

साथ आली तेव्हा आमच्याकडे एका कथासंग्रहाचं काम होतं. पाचशे प्रतींचं. सात फर्मे आले आणि छापखाना बंद झाला. कागद महाग, म्हणून मालकांनी मोजून पाचशेच छापलेले, एकही जादा नाही. त्यानंतर आईला ताप आला. रुग्णवाहिका येईपर्यंत तिनं आपली पिशवी आपणच भरली, मला हात लावू दिला नाही. नवव्या दिवशी रात्री ती गेली. पिशवी गाठ मारून परत आली. ती मी दारामागच्या खुंटीला अडकवली आणि पाच महिने तिच्याकडे पाठ करून बसलो.

छापखाना सुरू झाला, उरलेले फर्मे आले. जुळणी मी एकट्यानं केली. टेबलाभोवती पाचशे फेऱ्या, ठकू. तिचे पाय का सुजायचे ते या वयात कळलं. शेवटच्या प्रतीला सातवा फर्मा नव्हता. पुन्हा मोजले. टेबलाखाली, माळ्यावर, रद्दीत, सगळीकडे शोधलं. मालक म्हणाले, जाऊ द्या हो, चारशे नव्याण्णव चालतील. मला काही ते पटेना. तुझ्या आईची मोजणी कधी चुकली आहे? आणि मग माझं मलाच कळलं, बघायची एकच जागा राहिली होती.

पिशवीत चष्मा होता, बंद पडलेला फोन होता, कंगवा होता, आणि सातवा फर्मा. तोच पाकिटात आहे. त्यातली शेवटची गोष्ट दोन बहिणींची. धाकटी भांडून घर सोडते. थोरली रोज संध्याकाळी जिन्यातला दिवा लावून ठेवते. अकरा वर्षांनी जिन्यात पावलं वाजतात, थोरली दाराशी जाते, आणि तिथंच एकशे बारावं पान संपतं. बाईसाहेबांनी ही गोष्ट वॉर्डात मोठ्यांदा वाचलेली, तोंडावर मास्क असताना, आणि शेवट सगळ्यांना विचारलेला! समासात पेन्सिलनं मांडलंय बघ. नऊ नंबरची खाट म्हणते, धाकटीच आली. अकरा नंबर म्हणते, पोस्टमन असेल, लोक परत येत नसतात. सिस्टर म्हणते, धाकटीच, पण दारापासून परत जाईल. सगळ्यात खाली काय लिहिलंय ते तूच वाच.

दुसऱ्या दिवशी मी वॉर्डात फोन लावला. सिस्टर लगेच ओळखून म्हणाली, गोष्टवाल्या काकूंच्या घरून का? नऊ आणि अकरा, दोघी बऱ्या होऊन घरी गेल्या म्हणे. जाताना दोघींनी शेवट कळवा म्हणून बजावलंय. ती म्हणाली, काका, वाचायला काही पाठवता का, इथं बायका नुसत्या छताकडे बघत असतात. पण जाड पुस्तक नको, पडल्या पडल्या हात भरून येतात. मग मी माळ्यावरचे जुन्या पुस्तकांचे उरलेले फर्मे काढले. त्यातली एकेक गोष्ट सुटी करून दोन टाके घातले, की झालं हातात मावेल असं चोपडं. एक गोष्ट, एक चोपडं. गोष्ट कुठं सुरू होते आणि कुठं संपते ते कळायला वाचावं लागतं, म्हणून वाचू लागलो. परवा एका गोष्टीत एक म्हातारा स्वतःचीच छत्री चोरतो, ते वाचून मी मोठ्यांदा हसलो. कोण हसलं म्हणून मागं वळून बघितलं. आतापर्यंत साठ चोपडी गेलीत. सगळं ठीक झालं असं म्हणत नाही. बहुतेक दिवस अजून कोरडेच जातात. पण सुई टोचली की आता टोचते.

आता ते सांगतो. त्या दिवशी तुझी आई झोपली नव्हती. सकाळी अकराला सिस्टरनं स्वतःच्या फोनवरून तिला मला दाखवलं. मास्कमागून ती म्हणाली, ठकीला लावा, तिला एक विचारायचंय. तिचे ओठ निळे दिसत होते. तू तिकडे तापानं फणफणलेली, खोलीत एकटीच कोंडलेली. हे बघून तुझं काय होईल म्हणून मी घाबरलो. तिला सांगितलं, ठकी झोपलीय, उद्या लावतो. दोनला तुझा फोन आला तेव्हा तुला सांगितलं, आई झोपलीय, उद्या बोल. तुम्ही दोघी जाग्या होतात आणि दोघींना मी झोपवलं. तुझं काही चुकलं नाही, पोरी. सकाळी फोन केला असतास तरी मी हेच सांगितलं असतं. चूक माझी आहे, आणि तू वर्षभर ती स्वतःच्या डोक्यावर घेऊन फिरलीस, मी फिरू दिली. मला वाटत होतं, तिला तुझा निरोप घ्यायचा असेल. तसं नव्हतं. समासातली शेवटची ओळ वाच: ‘मी — ठकीला विचारून सांगते.’ त्यापुढची जागा मोकळी आहे. तिथं तुझं उत्तर लिही. मग मिटलेला आठवा फर्मा सुरीनं फोड. तो मी वाचलेला नाही, सिस्टरलाही अजून एक उत्तर यायचंय म्हणून थांबवून ठेवलंय. पाचशेवी प्रत या दोन फर्म्यांसाठी न शिवता टेबलावर पडून आहे. फोन कर आणि मला वाचून दाखव. आधी भांडायचं असेल तर भांड, मनसोक्त भांड, मी मधे बोलणार नाही. दुपारी दोनला केलास तरी चालेल. मी जागा असेन.

तुझाच, खळीनं हात चिकट झालेला,
बाबा